चार खळग्यांचा यॉर्कशायर पुडिंग टिन: जाड पत्र्याला पर्याय नाही

इंग्लंडमध्ये रविवारच्या रोस्टबरोबर, म्हणजे भाजलेल्या मांसाबरोबर, वाढल्या जाणाऱ्या यॉर्कशायर पुडिंगमध्ये बेकिंग पावडर नसते की यीस्टही नसते. मैदा, अंडी आणि दूध यांचे धिरड्याच्या पिठापेक्षाही पातळ मिश्रण कडकडीत तापलेल्या चरबीत पडले, की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफच पुडिंग फुगवते. त्यामुळे टिन घेताना त्याचा पत्रा किती जाड आहे, हे सर्वांत आधी पाहावे.

माझ्याकडचा टिन कार्बन स्टीलचा असून त्याला चार रुंद, उथळ खळगे आहेत. प्रत्येक खळग्यात चमचाभर बीफ ड्रिपिंग (गोमांस भाजताना सुटणारी चरबी) घालून तो 220 अंशांवर तापवला आणि चरबी धुरकटू लागल्यावर बाहेर काढला, तरी मिश्रण ओतेपर्यंत तो निवत नाही. पातळ पत्र्याचा मफिन ट्रे नेमका इथेच दगा देतो. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटे ओव्हनचे दार उघडायचे नाही, एवढेच पथ्य उरते. गोमांस वर्ज्य असणाऱ्यांना सूर्यफुलाचे तेल उत्तम. साजूक तूपही चालते, मात्र त्याचा वास ग्रेव्हीवर कुरघोडी करतो.

चार इंचांपेक्षा कमी उंचीच्या पुडिंगला यॉर्कशायर पुडिंग म्हणू नये, असा निवाडा रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या ब्रिटनमधील रसायनशास्त्राच्या संस्थेने 2008 साली दिला होता. या टिनमधली पुडिंगे ती उंची क्वचितच गाठतात, आणि मला त्याचे वैषम्य वाटत नाही. यॉर्कशायरमध्ये पूर्वी मांसाआधी ग्रेव्हीसह पुडिंगच वाढत, म्हणजे पोट निम्मे भरून महागडे मांस पुरवठ्याला येई. तेव्हा ग्रेव्ही साठवणारी मधली खोलगट वाटी हाच या पदार्थाचा खरा उपयोग, आणि ती या रुंद खळग्यांत मफिन ट्रेपेक्षा कितीतरी चांगली जमते.

तक्रार आहे ती काठाबद्दल. तो इतका अरुंद आहे, की जाड हातमोजे घालून उकळत्या चरबीचा टिन उचलताना अंगठा हमखास खळग्याशी येतो. दोन्ही बाजूंना बोटभर रुंद कान असते, तर हा धोका टळला असता. नॉनस्टिक लेपही तारेच्या घासणीपुढे टिकत नाही, म्हणून गरम पाणी आणि मऊ स्पंजच वापरावा. चारपेक्षा जास्त माणसांसाठी दोन टिन लागतात, आणि ते एकाच जाळीवर मावतील की नाही, हे ओव्हन मोजूनच ठरवावे.