काढ्याचं विजेचं भांडं: सात महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात भांडं बंद पडलं आणि दुरुस्तीवाल्याने ४८ डॉलर मागितले. भांडंच घेतलं होतं ८९ ला. वॉरंटी वर्षाची, वापर सात महिन्यांचा, पण उत्तर एकच: ‘आत पाणी गेलंय, ते वॉरंटीत बसत नाही.’ अहो, काढा उतू जातो! काढ्याचं भांडं बनवणाऱ्याने हे धरून चालायला नको?

आम्ही सिंगापूरला असतो. नवऱ्याची कंबर आणि उजवा गुडघा दोन वर्षं दुखतोय. सिनसेने (चिनी वैद्याला इथे सगळे हेच म्हणतात) आठवड्यातून एकदा सुया टोचून घ्यायच्या (ॲक्युपंक्चर) असं सांगितलं आणि घरी उकळायला ‘दूह्वो जीशंग थांग’ दिलं. सातव्या शतकातल्या सुन सिम्याओ या वैद्याने नोंदवलेला हा पंधरा औषधांचा काढा. पुडी उघडली की काही चेहरे ओळखीचे निघतात: जेष्ठमध, दालचिनीची जाड साल, आणि न्यूशी म्हणजे आपल्या आघाड्याच्या भावंडाची मुळं. दूचुंग या चिनी झाडाची साल मात्र मी आधी कधी पाहिली नव्हती. ती मोडली की तुकडे वेगळे होतात, पण मधे रेशमासारखे पांढरे धागे ताणले जातात. ते धागे बघून माल घ्यायचा, हे मला सिनसेनेच शिकवलं.

आपण काढा उघड्या भांड्यात चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवतो. इथे तसं नाही. औषधं गार पाण्यात अर्धा तास भिजवायची, वर दोन बोटं पाणी. मोठ्या आचेवर उकळी, मग झाकण ठेवून मंद आच. गाळून तोच चोथा कमी पाण्यात परत उकळायचा, दोन्ही पाणी एकत्र करून सकाळ-संध्याकाळ अर्धं अर्धं द्यायचं. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम चालत नाही.

हे सगळं बटणावर होतंय म्हणून पहिले दोन महिने मी खूश होते. दोन मैत्रिणींना घ्यायलाही लावलं. मग एकदा काढा थर्मासमध्ये भरून दवाखान्यात नेला. सिनसेने झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, “दालचिनी कधी टाकता?” मी म्हटलं, सगळ्यांबरोबर. त्यांनी मान हलवली. दालचिनी शेवटच्या पाच मिनिटांत टाकायची, नाहीतर तिचं सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं. पुदिन्याचंही तसंच. शिंपले आणि खनिजं उलट, इतरांच्या आधी वीस-तीस मिनिटं उकळायची.

आणि हे भांडं शेवटच्या पाच मिनिटांआधी साधी शिट्टीसुद्धा देत नाही! काढा झाल्यावर तीनदा वाजतं, तेव्हा काय उपयोग? मधे झाकण उचललं तर कार्यक्रम परत पहिल्यापासून. मी मोबाइलवर गजर लावून, झाकण जरासं सरकवून साल आत ढकलत आले. इतकं सगळं करायचं तर ८९ डॉलर कशाचे दिले?

माझी तक्रार वासापुरती नाही. एका मैत्रिणीच्या पुडीत फूज होतं, म्हणजे बचनागाच्या जातीचं मूळ. ते अर्धा ते एक तास आधी वेगळं उकळलं नाही तर विष राहतं. नुसतं बटण दाबून मोकळी झाली असती तर? सिनसेने बजावलं होतं म्हणून निभावलं.

सुयांबद्दल माझं मत चांगलं आहे. सीलबंद पाकीट समोर फोडतात, एकदा वापरून टाकून देतात. गुडघ्याखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला त्सू सान ली ही जागा. तिथे जडपणा, मुंग्या येतात. नवरा आता जिना कठड्याला न धरता उतरतो. पण जर्मनीतल्या १,१६२ कंबरदुखीच्या रुग्णांवरच्या, २००७ साली छापून आलेल्या चाचणीत खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के लोकांना, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के लोकांना आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के लोकांना फरक पडला. म्हणजे सुयांचा फायदा दिसतो, नेमक्या जागेचा फारसा नाही. मला हे मान्य आहे, आणि सुया आम्ही थांबवणार नाही. काढ्याचं मात्र जपून. यात डांगग्वे नावाचं मूळ असतं, वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. इथे २००० च्या कायद्याने वैद्यांची नोंदणी होते, तीही बघून घ्या.

भांडं बंद पडल्यावर बाजारातून १४ डॉलरचं मातीचं आणलं. आता गॅसपाशी उभं राहावं लागतं, पण वाफेचा वास बदलला की कळतं आणि हवं तेव्हा झाकण उघडता येतं. नऊ दिवस झाले, एकदाही उतू गेलं नाही. तुमच्या पुडीत सगळं एकदम टाकायचं असेल तर विजेचं भांडं खुशाल घ्या. आधी-नंतर असेल तर घेऊ नका.

आमचं अजून दुरुस्तीवाल्याकडेच आहे. सोमवारी जाऊन परत आणणार, ४८ न देता.