मुलाचे ठोसे झेलणारे पॅड: घरगुती बॉक्सिंग संचाचा १४ महिन्यांचा अनुभव

मुलाला चौदावे वर्ष लागले आणि ‘मला बॉक्सिंग शिकव’ असा धोशा त्याने लावला, तेव्हा मी घरच्या सरावासाठी एक तयार संच मागवला. ग्लोव्हजची एक जोडी, फोकस पॅडची, म्हणजे शिकवणाऱ्याने हातात घालून ठोसे झेलायच्या गाद्यांची, एक जोडी, हातांना गुंडाळायच्या पट्ट्या आणि उड्या मारायची दोरी एवढे साहित्य त्या खोक्यात होते. महाविद्यालयात असताना मी तीन वर्षे बॉक्सिंग शिकले होते आणि त्यातला बराच काळ दुसऱ्यांसाठी पॅड धरण्यात गेला होता, त्यामुळे वस्तू हातात आल्यावर ती कशी पारखायची याची मला थोडी जाण होती. आठवड्यातून तीन दिवस याप्रमाणे १४ महिने वापरल्यानंतरचे माझे मत असे, की संचातले पॅड उत्तम आहेत, ग्लोव्हज घेण्याजोगे नाहीत आणि पट्ट्या आखूड आहेत. दोरीबद्दल तक्रार नाही. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण हेच साहित्य दुसऱ्या कोणत्याही नावाचे घेतले तरी पारखण्याच्या गोष्टी त्याच राहतात.

घरी शिकवायचे म्हटले की बहुतेक पालक पहिल्यांदा लटकवायची पंचिंग बॅग पाहतात. बॅग वाईट नाही. तिने ताकद आणि दम दोन्ही वाढतात. परंतु शिकाऊ मुलाचा हात चुकत असेल तर बॅग तो चुकीचाच हात हजार वेळा गिरवून घेते, कारण ती बोलत नाही. पॅडच्या मागे माणूस असतो. ठोसा तिरका आला की तो तळहाताला लगेच कळतो, परत जाणारी मूठ हनुवटीशी पोहोचली की वाटेतच रेंगाळली हे समोर दिसते, आणि तेवढ्यात थांबवून सांगता येते. म्हणून संचाची किंमत मी पॅडवरून ठरवते आणि या परीक्षणातही त्यांनाच सर्वाधिक जागा देते.

हे पॅड वक्राकार आहेत, म्हणजे तळहात किंचित मिटल्यावर जो खोलगट आकार होतो, तसा त्यांचा आकार आहे. ठोसा त्या खोलगट भागात येऊन बसतो आणि धरणाऱ्याचे मनगट मागे मुडपत नाही. पूर्वी मी वापरलेले पॅड सपाट होते; त्यांच्या वरच्या कडेला ठोसा लागला की बोटे मागे वळत आणि दुसऱ्या दिवशी हाताने पाण्याचा तांब्या उचलतानाही त्रास होई. या पॅडच्या आत तळहाताशी एक लहान टणक गोळा शिवलेला आहे. तो मुठीत धरला की पॅड हातात फिरत नाही आणि ठोसा झेलण्याच्या क्षणी मनगट आपोआप ताठ राहते. बोटांवर जाड आच्छादन आहे, मनगटाला रुंद वेल्क्रोचा पट्टा आहे आणि घरच्या काट्यावर एका पॅडचे वजन ३१० ग्रॅम भरले. हे वजन महत्त्वाचे आहे. दिवसभराचे काम उरकून सहा-सात फेऱ्या हात वर धरून ठेवायचे, तर जड पॅड तिसऱ्या फेरीतच खाली येऊ लागतात आणि मग मूल खाली मारायला शिकते.

पॅडची जाडी मधोमध साधारण पाच सेंटिमीटर आहे. पहिले आठ-नऊ महिने ती पुरली. मुलाचे वजन आणि खांदे भरू लागल्यानंतर मात्र उजव्या हाताचा सरळ ठोसा, म्हणजे क्रॉस, झेलताना माझ्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका बसू लागला. त्यावर मी फोमची पातळ चकती आत सरकवून पाहिली, परंतु तिने पॅड हातातून सुटू लागला. पंधरा-सोळा वर्षांच्या भरदार मुलासाठी घेत असाल तर याहून जाड पॅड घ्यावेत, असे मी स्पष्ट सांगेन.

पॅड कितीही चांगले असले तरी ते धरता आले पाहिजेत, आणि पहिल्या महिन्यात मी ते चुकीचे धरत होते. मुलगा तेव्हा माझ्याहून नऊ सेंटिमीटरने बुटका होता आणि मी पॅड माझ्या हनुवटीच्या उंचीवर धरत होते. त्याच्या टाचा उचलल्या जातात, हनुवटी वर होते आणि ठोसा चढत्या रेषेत जातो, हे मला तीन आठवड्यांनी एका चित्रफितीत दिसले. त्याला पुढे भेटणारा प्रतिस्पर्धी त्याच्याच उंचीचा असणार. तेव्हा पॅडही त्याच्याच चेहऱ्याच्या उंचीवर हवेत. त्या दिवसापासून मी गुडघे वाकवून उभी राहू लागले. दुसरी चूक अशी, की ठोसा निसटून तोंडावर येईल या भीतीने मी दोन्ही पॅड खांद्यांच्या बरेच बाहेर धरत होते, त्यामुळे त्याचे सरळ ठोसे बाजूला फाकू लागले. पॅड चेहऱ्याच्या अगदी जवळ, जिथे खरे लक्ष्य असते तिथे धरायला धीर लागतो, आणि तो धीर या पॅडच्या पकडीमुळे मला आला.

ठोसा येताना पॅड दोन-तीन सेंटिमीटर पुढे नेऊन त्याला भेटायचे असते. काही जण मोठा आवाज यावा म्हणून पॅडने ठोशावर चापटच मारतात; त्यात मुलाच्या मनगटाला नाहक मार बसतो आणि आपण जोरात मारले असा त्याचा खोटा समज होतो. उलट, घाबरून पॅड मागे घेतला तर मुलाचा हात हवेत पुरता ताणला जातो आणि कोपराला झटका बसतो. ठोसा बरोबर बसला की या पॅडचा आवाज कोरडा आणि छोटा येतो, जागा चुकली तर फटफट असा येतो. काही महिन्यांनी मुलगा माझ्या सांगण्याआधी आवाजावरूनच ‘हा नाही बसला’ असे म्हणून पुन्हा जागा घेऊ लागला. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) म्हणजे १, क्रॉस म्हणजे २, डावा हूक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) म्हणजे ३, अशी आकड्यांची बोली आम्ही वापरतो. मी ‘१-२’ म्हणताच त्याचे हात निघतात आणि त्या दोन ठोशांच्या मध्ये त्याचे पाय काय करतात इकडे मला पाहता येते.

पायांकडे लक्ष देण्याचे मनावर घेतले ते वासिल लोमाचेन्कोचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून. बीजिंग २००८ आणि लंडन २०१२ अशा दोन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या या युक्रेनी मुष्टियोद्ध्याला त्याच्या वडिलांनी, अनातोली यांनी, घडवले आणि लहानपणी बॉक्सिंग थांबवून त्याला पारंपरिक नृत्य शिकायला पाठवले. महिलांच्या बॉक्सिंगचा समावेश ज्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा झाला, तिथे लाइटवेट गटाचे सुवर्ण जिंकणारी आयर्लंडची केटी टेलर हिचेही प्रशिक्षक तिचे वडीलच होते. आमच्या घरात तसे काही घडणार नाही हे मला ठाऊक आहे. परंतु आईवडिलांच्या हाताखाली हा खेळ शिस्तीने शिकता येतो, एवढा विश्वास या दोघांकडे पाहून वाटतो.

आता ग्लोव्हजविषयी. या ग्लोव्हजवर १२ औंस असा छाप आहे. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, त्या हिशेबाने एका ग्लोव्हचे वजन ३४० ग्रॅमच्या आसपास भरायला हवे. काट्यावर ठेवले तेव्हा उजवा २८८ ग्रॅम भरला आणि डावा ३०१. दोन्ही कमी, आणि एकमेकांशीही न जुळणारे. विक्रेत्याला कळवले तर ‘तो आकडा केवळ मापाचा आहे’ असे उत्तर आले, जे मला पटलेले नाही, कारण औंस हे वजनाचेच एकक आहे आणि वजन कमी म्हणजे बहुधा आतला फोम कमी. चार महिन्यांत मुठीच्या पुढच्या भागातला फोम दबून पापडासारखा झाला. त्याच्या बोटांचे सांधे मला पॅडच्या जाडीतूनही वेगवेगळे जाणवू लागले, तेव्हा मी ते ग्लोव्हज बाजूला ठेवले. अंगठा मुठीला जोडून ठेवणारी पट्टी त्याआधीच उसवली होती. ही पट्टी शोभेसाठी नसते. अंगठा मोकळा राहिला तर तो अडकून मुरगळण्याची भीती असते. पुढे १४ औंसांचे ग्लोव्हज वेगळे घेतले, वजन करूनच घेतले, आणि ते आजही धड आहेत.

पट्ट्यांची लांबी अडीच मीटर होती. लहान हाताला एवढी चालून जाते, परंतु वाढत्या वयाच्या मुलाचे मनगट, तळहात आणि बोटांच्या मधल्या जागा नीट बांधायच्या तर साडेचार मीटरची पट्टी लागते. पट्टीचे काम बहुतेकांना ठोक्याची धार कमी करणे एवढेच वाटते. प्रत्यक्षात ती तळहाताची लहान लहान हाडे एकत्र आवळून धरते आणि मनगट सरळ ठेवते. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या सांध्यांवर बसायला हवा. तो घसरून करंगळीच्या बाजूने बसला तर करंगळीच्या मुळाचे हाड मोडू शकते, आणि त्या दुखापतीला बॉक्सर्स फ्रॅक्चर असेच नाव पडले आहे. सुरुवातीला मुलगा बोटे फाकवून हात पुढे करून बसे आणि मी अंगठ्यात फास अडकवून मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या सांध्यांवरून तीन, मग बोटांमधून एकेक असे करत जाई. बोटे फाकवायला विसरला की मूठ वळताना पट्टी आवळे आणि सगळे सोडून पुन्हा बांधावे लागे. आता तो स्वतः बांधतो, आणि मूठ वळून माझ्यापुढे धरतो. मी तिच्यावर अंगठा दाबून पाहिल्याशिवाय ग्लोव्ह चढवत नाही.

याच संचाची एक मोठी आवृत्ती मिळते आणि तिच्यात डोक्याचे शिरस्त्राण असते. ते मी मुद्दाम घेतले नाही. शिरस्त्राणाने खरचटणे, भुवई फुटणे कमी होते. परंतु ठोशाने कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबतो असे मानणे धोक्याचे आहे, आणि खोक्यात शिरस्त्राण असले की घरच्या घरी एकमेकांना मारून पाहण्याचा मोह होतो. अमेरिका आणि कॅनडा येथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ साली संयुक्त निवेदन काढून मुलांनी आणि किशोरांनी बॉक्सिंग करण्याला विरोध दर्शवला, त्याचे प्रमुख कारण डोक्याला बसणारा मार हेच होते. ते निवेदन वाचूनच मी घरचा नियम ठरवला, की आमच्याकडे फक्त पॅड, सावलीशी सराव (समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारणे) आणि दोरी. डोक्यावर एकही ठोसा नाही, गमतीतही नाही. त्याचा हात हनुवटीवरून खाली आला तर मी पॅडने त्याच्या खांद्याला हलकेच स्पर्श करते. पुढे त्याला समोरासमोर खेळायचे असेल तर ते प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच होईल.

सरावाची वेळ आम्ही स्पर्धेच्या ज्युनिअर गटाप्रमाणे, म्हणजे २ मिनिटांची फेरी आणि १ मिनिट विश्रांती अशी ठेवली आहे. फेऱ्या मात्र पुष्कळदा ठरल्यापेक्षा आधीच थांबवाव्या लागतात. सहाव्या महिन्यात एकदा अभ्यासावरून आमचे वाजले होते आणि तो घुश्श्यातच उभा राहिला. पहिल्याच ‘२’ला त्याने सगळा राग हातात घालून मारले, मूठ नीट मिटलेली नव्हती आणि मनगट दुमडले. दहा दिवस सराव बंद राहिला. तेव्हापासून पट्ट्या बांधताना मी त्याच्याशी बोलून घेते, आणि मन थाऱ्यावर नसेल तर त्या दिवशी फक्त दोरी. चूक माझ्याकडूनही होते. परवाच चौथ्या फेरीत तो मध्येच थांबून म्हणाला, ‘आई, तुझा डावा पॅड खाली आलाय. मी पोटात मारू का?’ मी पाहिले तर खरोखरच पॅड छातीपर्यंत उतरला होता. आम्ही तिथेच थांबलो.

निगा फारशी लागत नाही. सराव झाल्यावर ओलसर फडक्याने पुसायचे, ग्लोव्हजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि सावलीत, वारा लागेल असे ठेवायचे. कडक उन्हात ठेवल्यास वरचे आवरण तडकते. माझ्या जुन्या सपाट पॅडचे तसेच झाले होते. बंद पिशवीत घामेजलेले ग्लोव्हज एक रात्र जरी राहिले तरी त्यांचा वास पुढे जाता जात नाही.

बारा-तेरा ते पंधरा वर्षांच्या, हलक्या अंगाच्या मुलामुलींसाठी या संचातले पॅड मी कोणालाही सुचवेन, आणि ते सुटे मिळत असतील तर सुटेच घ्यावेत. पॅड धरण्याचा अजिबात अनुभव नसलेल्या पालकांनी आधी कोणा जाणत्या प्रशिक्षकाकडून ते धरायला शिकून घ्यावे. दोन-तीन तासांत हाताची जागा कळते. माझा मुलगा आता उंचीने माझ्या बरोबरीला आला आहे, त्यामुळे गुडघे वाकवावे लागत नाहीत, आणि शेवटची फेरी हल्ली तो पॅड घालतो व मी मारते. पट्टा दोघांच्याही मनगटाला बसतो. फक्त उजव्या पॅडचा वेल्क्रो पकड सोडू लागला आहे आणि त्यावरून चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावे लागतात. तो बदलून मिळेल का हे विचारले आहे, उत्तर अद्याप आलेले नाही.