जुना सॉकेट, स्वतंत्र लाईन की वॉलबॉक्स?

घरी इलेक्ट्रिक मोटरसायकल चार्ज करायची, तर इलेक्ट्रिशियनला बोलावण्याआधी तिच्या चार्जरवरचं लेबल वाचा. 'इनपुट' किती अँपिअर लिहिलंय, त्यावर पुढचं सगळं ठरतं. २३० व्होल्टवर ८०० वॉटचा चार्जर साडेतीन अँपिअर ओढतो, ३ किलोवॉटचा तब्बल १३. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते (प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट), त्यामुळे त्याच सांध्यात ती जवळपास चौदापट होते.

छोट्या चार्जरला घरातला १६ अँपिअरचा सॉकेट पुरतो, तो धडधाकट असेल तर. मात्र अशा सॉकेटवर गीझर थोडा वेळ चालतो आणि गाडी चार-पाच तास चार्जिंगला असते. सैल पकड किंवा नीट न आवळलेला स्क्रू एवढ्या वेळात तापत जातो, आणि एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो! हे कळकळीने सांगतोय. पहिल्या दिवशी तासाभराने स्विच बंद करून प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, तर तिथे पुन्हा चार्जिंग नको. एक्स्टेन्शन बोर्ड तर कधीच नको.

मोठा चार्जर असेल तर माझं मत स्वतंत्र लाईनला. मेन बोर्डापासून थेट पार्किंगपर्यंत वेगळी वायर, तिचा स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणसाला, दोन्ही हवेत. आरसीसीबी 'ए' टाइपचा मागा. चार्जरमधून होणारी गळती कधी कधी स्पंदित डीसी (एकाच दिशेने, ठोक्याठोक्याने वाहणारी) असते, आणि 'एसी' टाइप ती पकडेलच असं नाही. अर्थिंग आहे असं धरून चालू नका, मोजून घ्या.

वायरच्या बाबतीत अंतर बघा. २५ मीटरवर १३ अँपिअर नेताना अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये सुमारे ५ व्होल्ट पडतात, चारच्या वायरमध्ये ३. अडीचनेही भागतं, पण मी चारचीच टाकेन. पुढे मोठी गाडी आली तर भिंत परत फोडायला नको.

वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जिंग बॉक्स, टाइप १ किंवा टाइप २ इनलेट (चार्जिंगची केबल लावायचं गाडीवरचं तोंड) असलेल्या गाडीसाठीच. सुरक्षिततेत तो सरस: गाडीशी आधी संकेतांची देवाणघेवाण होते, मगच वीज सुटते. वेग मात्र गाडीतला चार्जर ठरवतो. तो ३ किलोवॉटचा असेल, तर ७.४ किलोवॉटच्या बॉक्सवरही ३ किलोवॉटच घेणार. घरात इलेक्ट्रिक कारही येणार असेल, तरच त्यावर खर्च करा.