सुती टी-शर्टवर कोरिनची निळी फुले
बडोद्यात रावपुऱ्यातील एका दुकानातून मी जपानी चित्रकार ओगाता कोरिन यांच्या ‘आयरिस’ या चित्राची छपाई असलेला सुती टी-शर्ट घेतला. १८व्या शतकाच्या आरंभीचे हे मूळ चित्र प्रत्येकी सहा भागांच्या, घडी घालून उभ्या करता येणाऱ्या दोन पडद्यांवर, सोन्याच्या वर्खावर रंगवलेले असून ते टोकियोच्या नेझू संग्रहालयात आहे. फक्त निळ्या फुलांच्या आणि हिरव्या पानांच्या पुनरावृत्तीतून उभी राहणारी त्यातील लय छपाईतही टिकली आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. वर्खाच्या जागी आलेला पिवळा रंग मात्र सपाट आहे; कापडावर वर्खाची झळाळी कशी येणार? कापड मऊ असून बडोद्याच्या उन्हाळ्यातही अंगाला चिकटत नाही. उलटा करून थंड पाण्यात चार वेळा धुतल्यावरही रंग उतरला नाही, गळ्याची पट्टी तेवढी सैल पडली.