मटकी की सोयाबीनच्या वड्या?

खोलीवर एकच शेगडी, दूध-दही-तूप सोडलेलं आणि खिसा बेताचा. अशा वेळी रोजच्या प्रथिनांसाठी काय आणावं?

आकड्यांत वड्या पुढे. 100 ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे 50 ग्रॅम प्रथिनं, तेवढ्याच कोरड्या मटकीत वीसेक. शिजायलाही पाच-सात मिनिटं पुरतात. मात्र उकळून, दोन पाण्यांतून घट्ट पिळल्याशिवाय त्यांचा उग्र वास जात नाही.

तरी माझं मत मटकीला. सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधायची; उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळी मोड हजर, थंडीत आणखी एक दिवस. मूठभर मटकीची वाटीभर होते. मोडांमुळे क जीवनसत्त्वही वाढतं. कांदा परतून कांदा-लसूण मसाला, शेवटी दोन आमसुलं, की उसळ झाली. उरलेलीत पाणी वाढवून फरसाण घातलं की दुसऱ्या दिवशी मिसळ. इतकी चव वड्यांना कधीच येत नाही.

परीक्षेच्या दिवसांत भिजत घालायचं भान राहत नाही, तेव्हा डब्यात वड्या हव्यातच. ब 12 मात्र दोन्हींत नाही. त्याची गोळी डॉक्टरांना विचारून वेगळी घ्यावी.