‘ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन’: जिनिंगच्या हिशेबाला लागलेलं पुस्तक

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीत, मी हिशेबाला बसते. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की काटापट्ट्यांचा ढीग लागतो. भरलेल्या गाडीचं वजन, त्यातून रिकामी गाडी वजा, भाव, दिलेली उचल, शिल्लक. रोजची एक्सेल फाइल वेगळी, आणि महिनाअखेर त्या सगळ्या एकीत ओतायच्या. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायचं ठरवलं ते यापायी. नोकरी बदलायची नव्हती.

अल स्वायगार्ट यांचं हे पुस्तक (माझ्याकडे दुसरी आवृत्ती आहे) जवळपास सहाशे पानांचं आहे, पण जाडी पाहून घाबरू नका. पहिल्या भागात भाषा आहे: अट, लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी. दुसऱ्या भागात कामं आहेत: फाइलींची नावं बदलणं, पीडीएफ वाचणं, ईमेल पाठवणं आणि माझ्या मतलबाचं एक्सेलचं प्रकरण. बाकीची पुस्तकं चाळताना मी दमायचे ते उदाहरणांना. मूळ संख्या काढा, फिबोनाची नावाची आकड्यांची मालिका मांडा. बरं, मांडली, मंग ती कामाला कुठं येते? इथे एक्सेलच्या प्रकरणात भाजीविक्रीची हजारो ओळींची फाइल येते. त्यात लसूण, लिंबू आणि सेलरीचे भाव चुकलेले आहेत, तेवढेच शोधून बदलायचे. सेलरी काही मी पाहिलेली नाही, पण लसणाच्या जागी कापसाची प्रत टाकली की ते माझंच काम. त्याच प्रोग्रामात फेरफार करून मी महिन्याच्या फाइली जोडते.

इंग्रजी सोपं आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यालाही झेपतं. प्रकरणाच्या शेवटचे सराव प्रश्न मात्र टाळू नका, खरी अक्कल तिथंच येते.

आता खोट सांगते. पुस्तक लिहिलंय इंग्रजी अक्षरांच्या जगासाठी. शेतकऱ्यांची नावं देवनागरीत साध्या फाइलीत लिहायला गेलं की विंडोजवर बहुतेक वेळा ‘चारमॅप’ची लांबलचक एरर येते. फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ असं लिहून दिलं की मिटतं, पण माझ्याकडच्या दुसऱ्या आवृत्तीत यावर फारसं काही नाही. आणि एक गंमत कोणत्याच पुस्तकात सापडली नाही: काट्यावरचा माणूस ‘४२५०’ असं मराठीत टाइप करतो, आमच्या एक्सेलच्या बेरजेत ते येत नाही, पण पायथन ३ मध्ये इंट (मजकुराची पूर्ण संख्या करणारं फंक्शन) लावलं की तो आकडा सरळ संख्या होतो. आपले आकडे त्याला आधीपासून कळतात!

आवृत्ती पाहिल्याशिवाय घेऊ नका. पहिली २०१५ ची, दुसरी २०१९ ची, तिसरी २०२५ ची. जुन्या पुस्तकांच्या दुकानात पहिली स्वस्त मिळते, पण त्यातली एक्सेलचं शीट उघडायची पद्धत पुढे ओपनपायएक्सएलमधून (पायथनला एक्सेलच्या फाइली हाताळू देणारं जोड-सॉफ्टवेअर) काढून टाकली गेली. दुसऱ्या आवृत्तीतही पीडीएफच्या प्रकरणात पायपीडीएफ२ या पीडीएफच्या जोड-सॉफ्टवेअरची १.२६.० हीच आवृत्ती बसवायला सांगितली आहे. ते न वाचता नवी बसवली तर उदाहरणं चालत नाहीत, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच डोकं कमी. कुठल्याही पायथन पुस्तकाला माझी पहिली कसोटी साधी आहे: प्रिंट या पडद्यावर लिहायच्या आज्ञेपुढे कंस नसेल तर ते जुन्या पायथन २ चं. त्याचा सांभाळ १ जानेवारी २०२० ला संपला. असं पुस्तक फुकट दिलं तरी नको.

भाचा पॉलिटेक्निकला आहे. विचारत होता, “मावशी, मी हेच घेऊ काय?” म्हटलं, “नको रे पोट्ट्या, तुले परीक्षेला सी भाषा आहे.” त्याला नागपूरच्याच यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ बरं. एकेक कल्पना धरून चालतं आणि शेवटी भरपूर प्रश्न आहेत. कर्निगन आणि रिची यांचं सी भाषेवरचं मूळ पुस्तक १९७८ चं, त्याची १९८८ ची दुसरी आवृत्ती त्यानं नंतर वाचावी. ते पुस्तक बारीक आणि नेमकं आहे, पण पहिल्यांदाच संगणकाला हात लावणाऱ्यासाठी लिहिलेलंच नाही. स्वायगार्टच्या माझ्या आवृत्तीत क्लास, ऑब्जेक्ट (मोठे प्रोग्राम बांधायची पद्धत) हे प्रकरणच नाही, त्यामुळे मुलाखतीच्या तयारीला ते अपुरं पडतं. माझ्या टेबलाला पुरतं.

पैसे लगेच घालू नका. लेखकानं पूर्ण पुस्तक आपल्या संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवलंय. नेट असताना पानं लॅपटॉपवर साठवून घ्या, गावात टॉवर गेला तरी काम अडत नाही. एक्सेलचं प्रकरण आधी उघडून पाहा. ते पाहून हात शिवशिवले तर छापील घ्या, नाही तर राहू द्या.