कॅम्पिंगचं पॅकिंग: तीन क्रेट, साडी कव्हरं आणि डिकीतली सीएनजी टाकी (अख्ख्या सीझननंतरचा अनुभव)

दिवाळीच्या आसपास घेतलेलं हे सगळं सामान परवा धुऊन वाळवून माळ्यावर टाकलं, पाऊस लागलाय, आता गणपती होईपर्यंत टेंट काही बाहेर निघत नाही. पवना झालं, भंडारदरा झालं (थंडीत आणि परत काजव्यांना), मधे कोकणात दिवेआगरला जाऊन आलो, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. पार्सल उघडल्या उघडल्या लिहिलेले रिव्ह्यू ढीगभर आहेत, "क्वालिटी मस्त, पॅकिंग छान" वगैरे, पण चार महिन्यांनी त्या क्रेटची कडी शिल्लक आहे का हे कुणीच सांगत नाही.

आधी आमची परिस्थिती सांगते म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल. माणसं पाच. मी, नवरा, सहावीतली मुलगी, पहिलीतला मुलगा आणि सासरे, त्यांना आम्ही आबा म्हणतो. गाडी साधी हॅचबॅक आणि तीही सीएनजी. सीएनजीवाल्यांना पुढचं सांगायला नको, डिकीत ६० लिटरची टाकी आडवी पडलेली असते आणि उरलेल्या जागेत संसार बसवायचा असतो. इंटरनेटवरचे कॅम्पिंग पॅकिंगचे व्हिडिओ बघितले की हसू येतं, त्यांच्या गाडीच्या मागे आमचं किचन मावेल. म्हणून क्रेट ऑर्डर करायच्या आधी नवऱ्याने किराणा दुकानातून पुठ्ठ्याचे रिकामे बॉक्स आणून डिकीत बसवून बघितले आणि मग त्या मापाचे क्रेट शोधले. हा त्याचा उद्योग तेव्हा मला जाम वैताग वाटला होता पण तोच सगळ्यात कामाला आला. टाकी गोल असते त्यामुळे तिच्या बाजूला ज्या चिंचोळ्या फटी उरतात तिथे कडक क्रेट जातच नाही, तिथे मऊ सामान कोंबायचं, मॅट, चादरी, कपडे. आणि टाकीच्या व्हॉल्व्हची बाजू मोकळीच ठेवायची, तिथे काही म्हणजे काही ठेवायचं नाही, वेळ आली तर हात पोचला पाहिजे.

तर सामान असं आहे: झाकणाचे पारदर्शक प्लास्टिक क्रेट तीन, साधारण पंचवीस लिटरवाले. पॅकिंग क्यूबचा (कपडे भरायच्या चेनवाल्या चौकोनी कापडी पाउचचा) एक सेट. साडी कव्हरं. एक ड्राय बॅग, म्हणजे पाणी आत न जाणारी पिशवी. आणि लॅमिनेट केलेली यादी.

क्रेटपेक्षा महत्त्वाचं म्हणजे आत काय कसं भरायचं, आणि इथे माझं स्पष्ट मत झालंय. आपण घरात सवयीने माणसाप्रमाणे भरतो, ही माझी बॅग, ही पोरांची, ही आबांची. नाहीतर प्रकाराप्रमाणे, सगळे कपडे एकीकडे, सगळं खाणं एकीकडे. कॅम्पिंगला दोन्ही चालत नाही. कारण पोचता पोचता संध्याकाळ झालेली असते, पोरांना भूक लागलेली असते, डास सुटलेले असतात आणि नेमकं ओडोमॉस मुलीच्या सॅकमधे तळाला, हातोडी स्वयंपाकाच्या पिशवीत आणि टॉर्च कुठे ते देवाला ठाऊक. वस्तू कधी लागणार त्याप्रमाणे भरायचं, बस. त्यामुळे आमच्या एका क्रेटचं नावच "पहिला अर्धा तास" आहे. त्यात ताडपत्री, खुंट्या, हातोडी, हेडटॉर्च, ओडोमॉस, ओले टिश्यू आणि वरती भडंगाचा डबा. तो क्रेट डिकीत सगळ्यात शेवटी जातो आणि सगळ्यात आधी निघतो, पोरं ताडपत्रीवर भडंग खात बसतात आणि आम्ही दोघं टेंट लावतो, कुणी कुणावर ओरडत नाही. दुसरा "स्वयंपाक", तिसरा "रात्र आणि अडीनडी". धाकट्याला अजून भरभर वाचता येत नाही म्हणून मुलीने प्रत्येकावर चित्रं काढलीत, तंबू, पातेलं, चंद्र. आता तोच मला सांगतो की आई हे चंद्राचं आहे, पातेल्यात टाकू नको.

क्रेटबद्दल खरं सांगायचं तर प्लास्टिक ठीक, कड्या भंगार. जानेवारीतच एका क्रेटची बाजूची कडी तुटली, कस्टमर केअरला मेल केला तर तिकीट नंबर आला आणि पुढे सगळं शांत, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण बाकीच्यांच्या कड्याही साधारण त्याच दिसतात. उपाय सोपा आहे, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या उभ्या लांब पट्ट्या कापायच्या आणि क्रेटवर चढवायच्या, पंक्चरवाला फुकट देतो. आता तिन्ही क्रेटना पट्ट्या आहेत आणि घाटातल्या वळणांवरसुद्धा झाकण उडत नाही. आणखी एक, त्यावर बसू नका. बसण्यासाठीही वापरता येतं असं लिहिलेलं असतं, पण आबा एकदा जेमतेम टेकले तर झाकण मधे खचलं ते खचलंच. पारदर्शक असण्याचा फायदा मात्र शंभर टक्के, उघडायच्या आधीच दिसतं की मीठ आत आहे. लेबलसाठी कागदी टेप लावला होता तो कोकणातल्या दमट हवेत सोलून निघाला, आता थेट प्लास्टिकवर परमनंट मार्करने लिहिलंय.

आता पॅकिंग क्यूब. यांचं कौतुक मला फारसं नाही. पोरांच्या उन्हाळी कपड्यांना ठीक आहेत, पण थंडीत दोन स्वेटर घातले की चेन लागत नाही आणि वरच्या जाळीतून दिवेआगरची वाळू जी आत गेली ती सुरूच्या बनातून घरापर्यंत आली, अजून झटकतेय. एका क्यूबची चेन फेब्रुवारीत गेली. त्याऐवजी साडी कव्हरं घ्या! पुण्यात तुळशीबागेत डझनाच्या हिशोबात मिळतात, वरची बाजू पारदर्शक, चेन तीन बाजूंनी उघडते, चपटी असल्यामुळे टाकीच्या वरच्या जागेत थरावर थर बसतात. फक्त स्वस्तातली कव्हरं कडेच्या शिवणीला उसवतात, तिथे घरी मशीनवर एक टीप मारून घ्यायची. आम्ही एका दिवसाचे सगळ्यांचे कपडे एका कव्हरमधे भरतो. शनिवारचं कव्हर, रविवारचं कव्हर. पँटमधे टी-शर्ट, त्यात चड्डी-बनियन, सगळं गुंडाळून एक एक वळकटी, सकाळी शनिवारचं कव्हर उघडलं की पाच वळकट्या, ज्याची त्याने उचलायची. रविवारचं तोपर्यंत उघडायचंच नाही. मळकं परत त्याच शनिवारच्या कव्हरमधे. घरी आल्यावर चेन उघडून सरळ मशीनमधे ओतायचं. सासूबाईंच्या जुन्या कव्हरांवर हात मारायचा विचार असेल तर आधी विचारा एवढंच सांगते.

स्वयंपाकाच्या क्रेटवर मी सगळ्यात जास्त डोकं चालवलंय आणि तोच सगळ्यात चांगला जमलाय. मसाल्यांना होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या, तिखट, हळद, मीठ, जिरं, प्रत्येक बाटली दोन-तीन दिवस सहज पुरते. चहाला एकच डबी, त्यात चहापत्ती, साखर, सुंठ सगळं मापात मिसळलेलं आणि मिल्क पावडर वेगळी. उपम्याचा रवा घरीच भाजून तेलात मोहरी, उडीद डाळ, कढीपत्ता, मिरचीची फोडणी देऊन मीठ घालून पूर्ण गार करून पिशव्यांत भरते, कढीपत्ता अगदी कुरकुरीत झाला पाहिजे नाहीतर ओल धरते. एक वाटी मिश्रणाला अडीच वाट्या उकळतं पाणी, झाकण, संपला विषय. पातेलं, त्यात लहान पातेलं, त्यात वाट्या आणि मधे पंचा भरायचा म्हणजे खडखड होत नाही आणि तोच पंचा तिथे भांडी पुसायला. सांडशी क्रेटच्या कानाला सुतळीने बांधून ठेवलीय, लांब सुतळी, बांधलेली असतानाच वापरता येते. ही आयडिया सगळ्यांना विनोदी वाटते पण कॅम्पिंगला गरम पातेलं हातात आणि सांडशी अंधारात हरवलेली हे ज्याने भोगलंय तो हसणार नाही.

गॅसचा कॅन मात्र क्रेटमधे ठेवायचा नाही. ब्युटेनचे कॅन ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं साधारण कॅनवरच छापलेलं असतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी काय तापते ते आपल्याला माहीत आहे, वर आमच्याकडे शेजारी सीएनजीची टाकी. कॅन पुढे पायाशी, सावलीत, आणि गाडी लावून कुठे जायचं असेल तर सोबत खाली. थंडीत याच्या उलट भानगड होते. ब्युटेनचं शून्याच्या आसपास वाफेत रूपांतर होणं बंद होतं, भंडारदऱ्याला थंडी शून्यावर जात नाही पण पहाटे कॅन इतका गार पडलेला असतो की ज्योत मरतुकडी येते आणि चहाला पाऊण तास लागतो. रात्री कॅन उघड्यावर न ठेवता पंच्यात गुंडाळून टेंटच्या पडवीत, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या कापडाच्या मधल्या जागेत ठेवला की बराच फरक पडतो. झोपायच्या टेंटमधे स्टोव्ह पेटवायचा नाही हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

या सगळ्याची खरी परीक्षा काजव्यांच्या वेळी झाली. मे संपता संपता ते जूनच्या मध्यापर्यंत, मोठा पाऊस लागायच्या आधी, भंडारदऱ्याच्या बाजूला मुरशेत, घाटघर, रतनवाडी या पट्ट्यात झाडंच्या झाडं लुकलुकत असतात. तिथे टॉर्च लावला की काजवे बिथरतात, ते एकमेकांना उजेडानेच बोलावत असतात, त्यात आपला पांढरा झोत म्हणजे बोंबच. म्हणजे सामान अंधारात शोधायचं. आम्ही दोन गोष्टी केल्या होत्या. हेडटॉर्चवर लाल जिलेटीन कागद दुहेरी लावला, लाल उजेडाचा त्यांना त्रास कमी होतो, आणि तोही फक्त टेंटच्या आत. आणि क्रेटच्या कानांना सुतळीच्या गाठी मारल्या, अर्ध्या तासवाल्याला एक गाठ, स्वयंपाकाला दोन, रात्रीला तीन. आबांना रात्री बीपीची गोळी घ्यायची होती, ते कुणाला न उठवता बाहेर गेले, तीन गाठी चाचपल्या, आत डाव्या कोपऱ्यात औषधांची डबी, पाण्याची बाटली शेजारी, घेऊन परत आले. सकाळी सांगत होते तेव्हा मला कळलं. बाजूच्या टेंटवाल्यांचं "अगं चार्जर कुठंय, अरे चादर कुठंय" आणि मोबाइलचे टॉर्च मध्यरात्रीपर्यंत चालू होते, त्या झाडावरचे काजवे केव्हाच विझले होते.

यादीचं सांगायचं तर व्हॉट्सॅप ग्रुपवरची यादी फेल. नवऱ्याने ग्रुप काढला, सगळ्यांनी अंगठे दाखवले, चादरी कुणीच घेतल्या नाहीत. कागदाची यादी, लॅमिनेट करून क्रेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली, व्हाइटबोर्ड मार्करने टिक मारायची आणि पुसायची. भंडारदऱ्याचं शेंडी गाव सोडून पुढे गेलं की रेंजचा काही भरवसा नाही त्यामुळे मोबाइलमधली यादी ऐन वेळी उघडेलच असं नाही. आणि यादी जाण्यापेक्षा येण्यासाठी जास्त लागते. जाताना सगळे उत्साहात असतात, येताना ऊन चढलेलं, पोरं कुरकुरलेली, नवऱ्याला घाटात ट्रॅफिक लागायच्या आत निघायचं असतं आणि नेमकं तेव्हाच खुंट्या जमिनीत राहतात. खुंट्यांच्या पिशवीवर आकडा लिहिलाय, मुलाचं काम ते मोजायचं, त्याला मोजायला आवडतं आणि कमी भरली की तो गाडीत बसतच नाही.

पवनेला हिवाळ्यात तलावाकाठी दव इतकं पडतं की सकाळी टेंट पिळून काढावा. हा ओला टेंट त्याच्या मूळ पिशवीत घालायच्या फंदात पडू नका, ती पिशवी फॅक्टरीतल्या माणसालाच भरता येते. जुन्या बेडशीटची मोठी ऐसपैस पिशवी शिवली आणि तिला आतून ताडपत्रीचं अस्तर लावलं, ओला टेंट तसाच त्यात, गाडीतलं बाकीचं कोरडं राहतं, आणि घरी आल्या दिवशीच गच्चीवर वाळत टाकायचा. उद्या करू म्हटलं की बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. ड्राय बॅग यासाठी घेतली होती पण ती लहान पडली, आता तिच्यात मोबाइल, पॉवर बँक, गाडीची दुसरी किल्ली आणि आबांचे रिपोर्ट असतात, त्याला एकदम बेस्ट.

घरी आल्यावर क्रेट पूर्ण रिकामे करत नाही. खाणं, सेल आणि ओलं काही असेल तेवढं काढायचं, बाकी मार्कर, सुतळी, सांडशी, बाटल्या जिथल्या तिथे. सेल हेडटॉर्चमधून काढून ठेवाच, पावसाळ्यात पाझरतात.

परत घ्यायचं झालं तर क्रेट घेईन पण कडीवाले नाही, वरून नुसतं दाबून बसणारं झाकण आणि ट्यूबच्या पट्ट्या. क्यूब घेणार नाही. साडी कव्हरं डोळे झाकून. गाडीच्या टपावरच्या कॅरियरबद्दल दोघा-तिघांनी विचारलं होतं, नवऱ्याचा आग्रह आहे, मी अजून नाहीच म्हणतेय कारण वर जागा झाली की घरातून आणखी चार वस्तू निघतील, फोल्डिंग टेबल तर त्याने कार्टमधे टाकूनही ठेवलंय. आबांची खुर्ची फक्त पुढच्या सीझनला बदलायचीय, हातवाली आणि जरा उंच, त्यांना गुडघ्यांमुळे बुटक्या खुर्चीतून उठता येत नाही. घडी केल्यावर तीन फुटांच्या आत बसणारी आणि शंभर किलो खरोखर झेपणारी कुणी वापरली असेल तर सांगा.